किल्ली, एक नग

गेल्या अंकात ‘शिक्षा’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं रागाने नाहीतर दुःखाने लिहिलेली आहेत, आणि मी ती दोन-दोनदा वाचली. त्यांतली चार इथे घेतो. मी ३१ वर्षं तुरुंग खात्यात होतो, शेवटची ११ वर्षं तुरुंगाधिकारी म्हणून. त्यामुळे जे सांगेन ते थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं फाटकाच्या आतलं असेल. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळखीच्या खुणा काढल्या आहेत.

प्रश्न: आमच्याकडे घरफोडी झाली. चोर सापडला, गुन्हा शाबीत झाला, दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर चार महिन्यांत तोच माणूस दुसऱ्या घरफोडीत पकडला गेला. आईचे दागिने मिळाले नाहीत आणि तिची गेलेली झोपही अजून परत आलेली नाही. मग तुरुंगाने साधलं काय? आणि दोन वर्षांनी काही होत नसेल, तर अशा माणसाला सरळ दहा वर्षं आत का ठेवत नाहीत?

उत्तर: तुमच्या आईंच्या झोपेपासून सुरुवात करतो, कारण शिक्षेच्या चर्चेत सगळ्यात आधी तीच विसरली जाते. घरफोडीत दागिन्यांबरोबर आपल्याच घरात बिनघोर राहण्याची सवय जाते. कुणाला किती वर्षं कोंडलं तरी ती त्यामुळे आपोआप परत येत नाही. त्यासाठी वेगळी मदत लागते, आणि ती देणं हे कुणाचंच काम नाही असं बहुतेक ठिकाणी धरलेलं असतं.

आता तुरुंगाचं. त्याच्याकडून आपण एका वेळी चार कामं मागतो. केल्याचं त्याने भोगावं. बाकीच्यांना जरब बसावी. तो आत आहे तोवर लोकांनी निर्धास्त असावं. आणि बाहेर येताना तो सुधारून यावा. यातलं तिसरं काम तुरुंग हमखास करतो. त्या दोन वर्षांत त्या माणसाने कुणाच्या दाराचं कुलूप तोडलं नाही, आणि या गोष्टीला किंमत आहे. मी ती कधी कमी लेखत नाही. पण चौथं काम आपोआप होईल असं समजून आपण भिंतीवर सोडून देतो, आणि भिंतीला काही शिकवता येत नाही.

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००५ साली ३० राज्यांतल्या तुरुंगांतून सुटलेल्या चार लाखांवर कैद्यांचा नऊ वर्षं माग ठेवला. पहिल्या तीन वर्षांत त्यांतल्या ६८ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. नऊ वर्षांत हाच आकडा ८३ टक्क्यांवर गेला. अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही, हे धरूनसुद्धा आकडा मोठा आहे. तुमचा चोर एकटा नाही.

असं का होतं, ते मी सामान-खोलीत पाहिलं. कैदी आत येतो तेव्हा त्याच्या खिशातलं सगळं काढून घेऊन रजिस्टरात उतरवतात. घड्याळ एक. पट्टा एक. पाकीट एक. किल्ली, एक नग. सगळं कापडी पिशवीत घालायचं, नंबराची चिठ्ठी बांधायची आणि पिशवी मांडणीवर ठेवायची. सुटकेच्या सकाळी ती पिशवी त्याच्यासमोर सोडायची, एकेक वस्तू मोजून हातात द्यायची आणि सही नाहीतर अंगठा घ्यायचा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हे काम माझ्याकडे होतं. घड्याळ बंद पडलेलं असायचं, पट्ट्याला बुरशी आलेली असायची. एकदा चार वर्षं काढून निघालेल्या एका माणसाच्या हातावर मी किल्ली ठेवली. भाड्याच्या खोलीची होती. त्याने ती बराच वेळ तळहातावर तशीच धरली, मग टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, “साहेब, ही तुमच्याकडेच राहू द्या. त्या दाराला आता दुसरं कुलूप असणार.”

नियमाने ती मला ठेवता येत नव्हती. रजिस्टर पुरं व्हायला हवं होतं. मी किल्ली त्याच्या हातात परत दिली, सही घेतली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सात महिन्यांनी तो पुन्हा आला. या खेपेला पिशवीत टाकायला त्याच्याकडे किल्लीच नव्हती.

तो कुठे जाणार आहे, हे मी त्या सकाळी विचारलं नाही. रात्री कुठे झोपणार, उद्या कुणाकडे काम मागणार, घरचं कुणी घ्यायला आलं आहे का, काहीच विचारलं नाही. रजिस्टरात तसा रकाना नव्हता. एवढ्या वर्षांत मी बऱ्याच चुका केल्या असतील, पण ही एक आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

सुटल्यानंतरचे पहिले दिवस किती घसरडे असतात, याचा एक आकडा मला नंतर वाचायला मिळाला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ३० हजारांवर सुटलेल्या कैद्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचा धोका तिथल्या सर्वसामान्य माणसाच्या १२.७ पट निघाला. सगळ्यात मोठं कारण अमली पदार्थांचा जादा डोस. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो, आणि संपतो. जे मरत नाहीत तेही त्याच दोन आठवड्यांतून जातात. जुने साथीदार फाटकापासून फार लांब नसतात, आणि बहुतेक वेळा त्या सकाळी त्याला ‘ये’ म्हणणारे तेवढेच असतात.

याउलटही घडतं, म्हणून मी तुरुंग कुचकामी आहे असं म्हणणार नाही. नॉर्वेमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी एक हुशार युक्ती केली. तिथे खटला कोणत्या न्यायाधीशाकडे जाईल हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि काही न्यायाधीश सढळ हाताने कैद देतात, काही देत नाहीत. त्यामुळे सारख्याच माणसांची तुलना करता आली. ज्यांना कैद झाली त्यांचे पुढच्या पाच वर्षांतले गुन्हे बरेच कमी निघाले. पण कुणाचे? जे आत येण्यापूर्वी बेकार होते त्यांचे. तिथल्या तुरुंगात त्यांना कामाचं शिक्षण मिळालं, आणि बाहेर पडल्यावर त्यांतले पुष्कळ जण नोकरीला लागले. जे आधीपासून नोकरीत होते, त्यांच्या गुन्ह्यांत तसा फरक पडला नाही, उलट हातची नोकरी गेली. याच पद्धतीने अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या नोंदी तपासल्या तेव्हा चित्र नेमकं उलटं दिसलं. कैदेनंतर गुन्हे वाढले आणि कमाई घटली. दोन्हीकडे भिंती होत्या, कुलपं होती, पहारे होते. आत काय चालत होतं, तेवढा फरक होता.

आता तुमच्या दहा वर्षांकडे येतो. गुन्हेगारीला वय असतं. जवळजवळ सगळीकडे गुन्ह्यांचा आलेख विशीच्या आसपास शिखराला पोचतो आणि नंतर उतरत जातो. पंचविशीत दर महिन्याला भांडण करून माझ्यासमोर उभे राहिलेले कैदी चाळिशीत ग्रंथालयाच्या कोपऱ्यात चष्मा लावून बसलेले मी पाहिले आहेत. म्हणजे शिक्षेची शेवटची वर्षं आपण बऱ्याचदा अशा माणसाला कोंडण्यात घालवतो, ज्याच्यातला चोर केव्हाच थकलेला असतो. शिवाय दहा वर्षांत बायको, भाऊ, ओळखीचा मालक, हे एकेक धागे तुटतात. अशा माणसाला गमवायला काही उरतच नाही.

काही माणसांना दीर्घकाळ बाहेर सोडता येत नाही. मी अशांच्या कोठड्यांचीही कुलपं लावली आहेत, आणि तिथे माझा हात कधी अडखळला नाही. पण तुमच्या चोरासारख्या माणसाला मी शिक्षा झाल्याच्या पहिल्या महिन्यापासून तीन गोष्टी लावून दिल्या असत्या: व्यसन असेल तर उपचार, अक्षरओळख किंवा एखादं विकता येईल असं कसब, आणि सुटकेच्या आधी बाहेरचा एक पत्ता. अमेरिकेतल्या रँड या संस्थेने २०१३ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. आत शिकलेल्या कैद्यांचं पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा सुमारे १३ टक्के-बिंदूंनी कमी निघालं. म्हणजे शंभरामागे तेरा जण कमी परत आले. त्या तेरांपैकी एकाने तुमच्या शेजारचं कुलूप तोडलं नाही, असं मी धरतो.

प्रश्न: सर, मी अकरावीत शिकते. ‘कठोर शिक्षेनेच गुन्हे थांबतात’ या विषयावर मला वादविवाद स्पर्धेत विरोधी बाजूने बोलायचं आहे. मुद्दे सुचवाल का? तुमचं स्वतःचं मत काय आहे?

उत्तर: विरोधी बाजूने जरूर बोल, पण ‘शिक्षेची भीती कुणालाच वाटत नाही’ असलं काही बोलू नकोस. समोरचा तेवढंच वाक्य पकडेल, आणि त्याचं बरोबर असेल. ७ ऑक्टोबर १९६९ ला कॅनडातल्या माँट्रियल शहरात पोलीस एका दिवसासाठी संपावर गेले. त्या काही तासांत बँकांवर दरोडे पडले आणि दुकानं लुटली गेली. जरब नावाची गोष्ट असते. ती कशातून येते, यावर तू बोट ठेव.

१७६४ साली इटलीतल्या मिलानमधल्या चेझारे बेक्कारिया नावाच्या २६ वर्षांच्या तरुणाने गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा अडीचशे वर्षांनंतरही कुणाला खोडता आलेला नाही. भयंकर शिक्षा आहे पण निसटून जाण्याची आशाही आहे, यापेक्षा शिक्षा सौम्य पण चुकता न येणारी असेल, तर तिची छाप मनावर जास्त पडते.

इंग्लंडने त्याच काळात उलटा रस्ता धरला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी होती. कुणाच्या खिशातून शिलिंगपेक्षा जास्त किमतीची वस्तू नकळत काढली, तरी फाशी. झालं काय? दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या पंचांनाच ते सहन होईना. समोर उभ्या असलेल्या पोराला लटकवायला नको, म्हणून ते चोरलेल्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवायचे. काही वेळा तर पुरावा असूनही सोडून द्यायचे. ज्यांची चोरी झाली तेही तक्रार करायला कचरत. शिक्षा जेवढी भयंकर, तेवढी ती प्रत्यक्षात होण्याची शक्यता कमी. शेवटी सॅम्युएल रोमिली या खासदाराच्या खटपटीने १८०८ साली खिसेकापूंची फाशी रद्द झाली. हे उदाहरण नीट रंगवून सांग. सभेला ते कळेल.

नवा दाखला हवा असेल तर अमेरिकेचा घे. तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत १९७३ च्या सुमारास दोन लाख कैदी होते. २००९ मध्ये ते १५ लाखांच्या घरात गेले. एवढी माणसं कोंडून गुन्हे किती कमी झाले, याचा अभ्यास तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१४ साली मांडला. निष्कर्ष असा, की लांबच लांब शिक्षांमुळे बसणारी जरब फार तर बेताची आहे, आणि त्यापायी मोजलेली किंमत मोठी आहे. गुन्हे घटले, पण त्यांतलं किती श्रेय तुरुंगाला द्यायचं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. हेही प्रामाणिकपणे सांग.

माझ्या पदरचं एक देतो. नव्या कैद्यांची माहिती लिहून घेताना मला एक प्रश्न विचारायची सवय लागली होती: “हे केलंस तेव्हा किती वर्षांची शिक्षा आहे, हे ठाऊक होतं का?” कुणी हसायचं, कुणी खांदे उडवायचं. ठाऊक होतं असं सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपण पकडले जाऊ, एवढं जरी वाटलं असतं तर गेलो नसतो, असं मात्र कितीतरी जण म्हणाले. दारूच्या धुंदीत ज्याने भावकीतल्या माणसावर वार केला, त्याच्या डोक्यात त्या क्षणी कायद्याचं कलम नव्हतं. ज्याने महिनाभर पाळत ठेवून दुकान फोडलं, त्याने पहारेकरी किती वाजता डुलक्या काढतो एवढंच पाहिलं होतं.

माझं मत यातच आलं. एक जास्तीचा पोलीस, एक वेळेवर संपलेला खटला, हे शिक्षेच्या पाच जास्तीच्या वर्षांपेक्षा जास्त गुन्हे अडवतात. पण पाच वर्षं वाढवण्याचा कायदा एका दिवसात करता येतो आणि टाळ्या लगेच मिळतात.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाचा खून झाला. आरोपीला शिक्षा झाली आहे. परवा नॉर्वेतल्या एका तुरुंगाची छायाचित्रं पाहिली. स्वतंत्र खोली, टीव्ही, खिडकीबाहेर झाडं. लोक कौतुकाने ती एकमेकांना पाठवत होते. तुम्ही सुधारणेची भाषा करणारे लोक आमच्यासारख्यांना विसरता. माझा भाऊ परत येणार नाही, आणि मारणाऱ्याने गादीवर झोपायचं?

उत्तर: हे पत्र मी बरेच दिवस टेबलावर ठेवलं होतं. तुमचा राग चुकीचा आहे असं मला वाटत नाही, आणि तो शांत करावा असाही माझा प्रयत्न नाही. जे झालं ते अन्याय होतं, असं समाजाने मोठ्याने आणि स्पष्ट शब्दांत म्हणायला हवं. शिक्षेचं हे पहिलं काम आहे. मारणारा सुधारला की नाही, पुढे कुणाला जरब बसली की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्या भावासाठी ते एवढं तरी व्हायलाच हवं होतं.

तुम्ही पाहिलेली छायाचित्रं बहुधा हाल्डेनची असावीत. तो तुरुंग २०१० साली सुरू झाला. खिडक्यांना गज नाहीत, हे खरं. पण भोवती उंच भिंत आहे आणि आतला माणूस त्या भिंतीपलीकडे जाऊ शकत नाही. नॉर्वेत कैदेची कमाल शिक्षा साधारणपणे २१ वर्षांची आहे. मात्र धोकादायक ठरलेल्या माणसाची स्थानबद्धता दर वेळी पाच वर्षांपर्यंत वाढवता येते, आणि ती कितीही वेळा वाढवता येते. ब्रिटनच्या तुरुंगांचे एक आयुक्त, अलेक्झांडर पॅटरसन, म्हणत असत की माणूस तुरुंगात येतो हीच त्याची शिक्षा, शिक्षा भोगवण्यासाठी त्याला तिथे आणलेलं नसतं. मी नोकरीत नवा होतो तेव्हा हे वाक्य मला गुळमुळीत वाटायचं. नंतर पटलं. ज्याला आपण उठवू तेव्हा उठायचं, मोजू तेव्हा रांगेत बसायचं, आणि आई आजारी पडली तरी परवानगीची वाट पाहायची, त्याची गादी मऊ आहे की नाही याने त्याच्या कैदेचं वजन फारसं बदलत नाही.

यातना वाढवून काय होतं, हे जगाने करून पाहिलं आहे. १८२९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा तुरुंग उघडला. प्रत्येक कैदी एकटा, एकट्याच्या कोठडीत. बाहेर काढताना चेहऱ्यावर टोपडं, म्हणजे दुसऱ्या माणसाचं तोंडही दिसू नये. तो बांधणारे लोक क्रूर नव्हते, धार्मिक होते. एकांतात माणूस अंतर्मुख होईल, पश्चात्ताप करेल, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. १८४२ साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने तो तुरुंग पाहिला आणि मेंदूशी चाललेली ही संथ छेडछाड शरीराच्या कुठल्याही छळापेक्षा वाईट आहे, अशा अर्थाचं लिहिलं. ती पद्धत पुढे मोडीत निघाली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मंजूर केलेले कैद्यांविषयीचे किमान नियम, ज्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं आहे, ते सलग १५ दिवसांहून जास्त एकांतवासाला मनाई करतात.

मी एका तरुण कैद्याला एकांत कोठडीतून अकराव्या दिवशी बाहेर काढलं होतं. तो माझ्या बुटांकडे पाहून बोलत होता, आणि ओरडल्यासारखं बोलत होता. माणसाशी किती आवाजात बोलायचं, याचा त्याचा अंदाजच सुटला होता. दीड वर्षाने तो सुटला. असा माणूस तुमच्या किंवा माझ्या शेजारी राहायला येतो, ही गोष्ट मला तेव्हापासून विसरता आलेली नाही.

पण तुमच्या पत्रातली खरी तक्रार गादीबद्दल नाही असं मला वाटतं. ‘आम्हाला विसरता’, असं तुम्ही लिहिलं आहे. ते खरं आहे, आणि त्या विसरण्यात मीही होतो. कैदी सुटायचा तेव्हा आम्ही कागद वर पाठवायचो, पोलिसांना पाठवायचो. ज्याचं माणूस मेलं त्या घराला कळवायचं, असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एकदा एक वयस्क बाई फाटकावर आल्या. मुलाला मारणारा माणूस त्यांना आदल्या दिवशी रस्त्यात समोर दिसला होता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मला आधी सांगितलं असतं तर मी त्या रस्त्याने गेले नसते. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही ज्या वकिलांकडे गेला होता त्यांच्यामार्फत आत्ताच लेखी विचारून ठेवा: सुट्टीवर सोडताना किंवा शिक्षा संपताना आम्हाला कळवलं जाईल का, आणि सुटकेच्या विचाराच्या वेळी आमचं म्हणणं ऐकलं जाईल का. ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आणखी एक सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल न पडेल. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना प्रत्येक दारात जाऊन त्या लोकांसमोर उभं राहू द्या. न्यायाधीशांनी मान्य केलं. ते दोघे दारोदार गेले, काय केलं ते कबूल केलं, लोकांनी काय सोसलं ते ऐकून घेतलं आणि नंतर नुकसान भरून दिलं. गुन्हेगार आणि ज्याचं नुकसान झालं तो, यांना समोरासमोर आणण्याची आजची जी पद्धत अनेक देशांत आहे, तिची सुरुवात या प्रकरणापासून मानतात. फुटलेली काच भरून देता येते, गेलेला भाऊ नाही. खुनाच्या बाबतीत अशी भेट शिक्षेच्या जागी ठेवावी, असं मी कधीही म्हणणार नाही. पण शिक्षा चालू असताना काही घरांना विचारायचं असतं: शेवटी तो काय म्हणाला? का केलंस? कोर्टात हे विचारायची सोय नसते. तुमच्या मनात असा प्रश्न असेल तर तो विचारता यावा, आणि नसेल तर कुणी तुमच्यावर भेटीची सक्ती करू नये.

प्रश्न: माझा नवरा सहा वर्षांची शिक्षा भोगतोय. मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला ‘बाबा कामासाठी लांब गेलाय’ असं सांगितलं आहे. सासरचे म्हणतात, पोराला तुरुंगात नेऊ नकोस, मनावर परिणाम होईल. नवरा भेटीत दर वेळी त्याच्याबद्दल विचारतो. काय करू?

उत्तर: ताई, न्या त्याला. घरच्यांची काळजी खोटी नाही, पण मुलाला आत्ताही काहीतरी कळतच असतं. ‘बाबा लांब गेलाय आणि फोनही करत नाही’ यातून ते स्वतःलाच दोष देणारं काहीतरी जुळवतं. तुरुंगाच्या भिंतीपेक्षा ते त्याला जड जाईल.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १६ हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास झाला होता, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना आत असताना भेटायला कुणी येत होतं, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी होता. तो आकडा सोडला तरी मुलाकातीच्या खोलीत मी जे पाहिलं ते तेच सांगतं. ज्याचं मूल भेटायला यायचं, तो आदल्या संध्याकाळी दाढी करायचा. आठवडाभर भांडणातून अंग काढून घ्यायचा, भेट बंद होईल म्हणून. आमची कुठलीही शिस्त एवढं करू शकली नाही.

नेण्याआधी मुलाला खरं सांगा, त्याच्या वयाला पेलेल एवढंच: बाबाने एक मोठी चूक केली, म्हणून त्याला काही वर्षं एका ठिकाणी राहावं लागतंय, आणि त्यात तुझी काही चूक नाही. हे शेवटचं दोनदा सांगा. तिथे दार मोठं असेल, गणवेशातली माणसं झडती घेतील, कदाचित मधे जाळी किंवा काच असेल आणि बाबाला मिठी मारता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. अचानक पाहिलेल्या गोष्टीची मुलांना भीती वाटते, माहीत असलेल्या गोष्टीची फारशी वाटत नाही. पहिली भेट छोटी ठेवा. तो गप्प बसला किंवा तिथून निघायचं म्हणाला तर रागावू नका, नवऱ्यालाही तसं आधी कळवा. भेटीत बोलायला मुलांना विषय सापडत नाही, म्हणून त्याची चित्रकलेची वही बरोबर न्या. आत नेऊ देत नसतील तर फाटकावरच्या शिपायाला विचारा, निदान एखादं पान देता येतं का. आणि नवऱ्याला सांगा की परत कधी येणार हे मुलाने विचारलं, तर ‘लवकरच’ म्हणू नको. महिना आणि वर्ष सांग. मुलं दिवस मोजतात.